ताडीला विमान चालत नाही

ताडी कुणासाठी थांबत नाही. पहाटे झाडावरून उतरते तेव्हा निखळ गोड असते, न्याहारीच्या सुमाराला जिभेवर चुरचुरू लागते, दुपारपर्यंत चांगली अंगात येते, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की तिचा शिरका झालेला असतो. ताडाच्या पोयीचा शेंडा कोयत्याने अगदी पातळ तासायचा आणि खाली मडकं बांधायचं. सकाळ-संध्याकाळ पुन्हा नवी चकती काढावी लागते, कारण जखम सुकली की झाड रस द्यायचं बंद करतं. मडक्यात थेंब पडतो त्याच क्षणी हवेतलं आणि मडक्याच्या अंगाला धरलेलं यीस्ट साखरेवर तुटून पडतं. चार-पाच टक्के अल्कोहोल तयार व्हायला काही तास पुरतात. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणं लांबतं आणि त्या रसाला नीरा म्हणून परवान्याच्या टपरीत जागा मिळते. चुना विसरलात तर तोच रस उत्पादन शुल्क खात्याचा विषय होतो.

आमचा फुलपाडा विरारच्या पूर्वेला, जीवदानी देवीच्या डोंगराच्या अंगाला आहे. पापडखिंड धरण इथलंच. एके काळी विरारची तहान भागवायला त्याचा केवढा आधार वाटे. आता सूर्या नदीचं पाणी लांबून आणावं लागतं आणि पापडखिंडीला पूर्वीचं महत्त्व उरलेलं नाही. इमारतींच्या मधून एखादा ताड अजून डोकं काढून उभा दिसतो. त्याचं वाळलेलं पान खाली लावलेल्या गाडीच्या टपावर आदळलं, की सोसायटीच्या सभेत झाड तोडायचा ठराव येतो. उन्हाळ्यात ताडगोळे मात्र त्याच सभेतले लोक डझनाने घेतात.

ताडीचा हा उतावळेपणा मला नीट कळला तो ताडाखाली नव्हे, ओरेगनमधल्या यूजीन नावाच्या गावाच्या छोट्या विमानतळावर. मुलगी जवळच कॉर्व्हॅलिसला असते. परतीचं पहिलं विमान यूजीनहून होतं आणि ते उशिरा सुटणार होतं. लहान विमानतळाचं एक बरं असतं, तिथे हरवायला जागाच नसते. सुरक्षा तपासणीतून बाहेर पडलं की दुकान, दुकानापलीकडे बार, आणि बारच्या काचेतून आपलं विमान आलं की नाही ते दिसतं. मी एक बिअर आणि तळलेला कॉड मासा मागवला. वाढणाऱ्या मुलीने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि वयाचा पुरावा मागितला. तिथे पिण्याचं वय एकवीस; महाराष्ट्रातही बिअरला एकवीसच, कडक दारूला पंचवीस. पासपोर्ट पुढे केला. बायको शेजारून म्हणाली, "सत्तरीत तरी कुणीतरी तुम्हाला लहान समजलं."

बिअर निंकासी या ब्रुअरीची होती. ती २००६ साली यूजीनमध्येच सुरू झाली. निंकासी ही सुमेरियन लोकांची बिअरची देवी. इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या मातीच्या पाट्यांवर तिचं एक स्तोत्र सापडलं आहे, आणि ते स्तोत्र म्हणजे जवळजवळ पाककृतीच आहे: धान्य भिजवायचं, मोड आणायचे, भाजलेल्या पावात मिसळायचं, गाळायचं. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने त्या स्तोत्रावरून खरोखर बिअर करून पाहिली होती. देवीचं नाव घेऊन दारू गाळणं आपल्याला विचित्र वाटायचं कारण नाही. समुद्रमंथनातून वारुणी वर आलीच होती. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय अशी मद्याची जंत्री दिली आहे. म्हणजे कर बसवणाऱ्याची नजर पेल्यावर तेव्हापासून आहे.

ग्लासाला ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा कडवट वास होता. हा वास कॅस्केड जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांचा. ही जात कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून आली आणि १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची निम्मी ओळख त्या वासावर उभी आहे असं म्हटलं तरी चालेल. यूजीन आणि कॉर्व्हॅलिस ज्या विलामेट खोऱ्यात आहेत, हॉप्सचे मळेही त्याच खोऱ्यात, पाणी तिथलंच, ब्रुअरी तिथली, पिणारेही बहुतेक तिथलेच. माशाच्या पिठातही बिअर घातलेली होती, त्यामुळे आवरण जाळीदार झालं होतं. स्थानिक हा शब्द जाहिरातीत इतका वापरून गुळगुळीत झाला आहे की तो दिसला की मी सावध होतो. त्या दिवशी मात्र त्यात खोट काढता आली नाही.

खोट नंतर सापडली, आणि ती बिअरमध्ये नव्हती. विलामेट खोरं मुळात कालापुया लोकांचं. १८५६ मध्ये त्यांना ग्रँड रोंडच्या राखीव प्रदेशात हलवलं गेलं. अमेरिकेच्या संघराज्याने १८३२ पासून मूळ रहिवाशांना दारू विकण्यावर बंदी घातली होती, ती १९५३ साली उठली. म्हणजे खोऱ्याच्या सगळ्यात जुन्या माणसांना शंभर वर्षांहून जास्त काळ कायद्याने जी वस्तू नाकारली, तीच वस्तू आज त्या खोऱ्याची ओळख म्हणून विमानतळावर विकली जाते. मी हे वाचलं ते घरी परत आल्यावर. तिथे असतानाच वाचलं असतं तर मासा तेवढ्याच आवडीने खाल्ला असता का, ते सांगता येत नाही. बहुधा खाल्ला असता. भूक लागली होती.

बिअरच्या ग्लासावर 'इंडिया पेल एल' असं छापलेलं होतं. लंडनच्या पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीच्या गोद्यांजवळ जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. कंपनीच्या जहाजांचे कप्तान स्वतःच्या खासगी व्यापारासाठी तिथली पिंपं भरून घेत आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरवत. पुढे ब्रिटिशांनी इथेच बिअर गाळायला सुरुवात केली. कसौलीच्या पहिल्या ब्रुअरीचा मालक एडवर्ड डायर. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर त्याचाच मुलगा. हे कळल्यापासून बिअरच्या इतिहासावरची पुस्तकं मी जरा जपून उघडतो.

बिअर प्रवासाला उठली ती हॉप्समुळे आणि नंतर लुई पाश्चरमुळे. हॉप्सचा कडवटपणा जंतूंना आवर घालतो. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक १८७६ साली आलं, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली. त्यानंतर बिअर कुठेही, कधीही, सारखीच लागू लागली. ताडीच्या बाबतीत असं काही झालं नाही. तिच्यातलं यीस्ट झाडाझाडाला वेगळं, मडक्यामडक्याला वेगळं. तिला बाटलीत बंद केलं तर आतल्या वायूने बाटली फुटते, आणि तापवून शांत केलं तर ती ताडी राहत नाही. विमानाच्या सामानात चोवीस टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या पेयावर धोकादायक वस्तू म्हणून मर्यादा नाही. चोवीस ते सत्तर टक्क्यांच्या दारूला पाच लिटरची आहे. म्हणजे कागदावर ताडी नेता येईल. अडवतो तो तिचा स्वभाव. (विमानातून काय नेता येतं आणि काय नाही, याची यादी स्वतंत्र करमणूक आहे. सुकं खोबरं ज्वलनशील म्हणून नाकारतात. जीवदानीचा प्रसाद म्हणून मिळालेली खोबऱ्याची वाटी घेऊन निघालेल्याने हे लक्षात ठेवावं.)

आपल्याकडच्या छोट्या विमानतळावर मग काय मिळतं? महाराष्ट्रात असे विमानतळ काही कमी नाहीत. कोल्हापूरचा १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. शिर्डीचा २०१७ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्गात चिपीचा ऑक्टोबर २०२१ मध्ये. देशांतर्गत विमानात आपल्याकडे दारू मिळतच नाही, त्यामुळे बिअरचा प्रश्न जमिनीवरच सुटायला हवा. आणि जमिनीवर मिळतो तो चहा, समोसा, गरम पाणी ओतलेले नूडल्स. चहाची किंमत ऐकून माणूस तहान आवरतो. या किमतींवर इतकी ओरड झाली की सरकारला २०२४ च्या डिसेंबरात कोलकात्याला 'उडान यात्री कॅफे' काढावा लागला, दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ साली विमानतळ, मॉल, महामार्ग यांना एकत्र बांधून असं मांडलं की ही ठिकाणं असून ठिकाणं नव्हेत. तिथे ना नातं असतं, ना इतिहास, ना ओळख. त्यांनी विरारची सकाळची जलद लोकल पाहिली नव्हती, नाहीतर प्रवासातही नाती कशी जमतात यावर एक प्रकरण वाढवलं असतं. विमानतळापुरतं मात्र त्यांचं म्हणणं मला पटतं. समोसा कुठलाही, चहा कुठलाही, खुर्ची कुठलीही.

वाट पाहण्याचं आणि पिण्याचं नातं मात्र जुनं आहे, आणि त्याचा एक अड्डा आपल्या नाशिकजवळच होता. देवळालीच्या लष्करी छावणीत ब्रिटिश सैनिक घरी जाणाऱ्या जहाजाची महिनोन् महिने वाट पाहत. ऊन, रिकामपण आणि दारू यांनी त्यातले काही वेडेपिसे होत. त्या वेडाला इंग्रजांनी देवळालीचंच नाव दिलं, डूलाली. २००९ साली पुण्यात क्राफ्ट बिअर गाळायला सुरुवात करणाऱ्या 'डूलाली'ने तेच नाव घेतलं. तिच्यामागून पुण्यात आणि मुंबईत अशा बऱ्याच ब्रुअऱ्या निघाल्या. मी त्यांतल्या एक-दोन ठिकाणी गेलो आहे, बिअर उत्तम असते. पण स्थानिक काय, हे विचारायला गेलं तर उत्तर अवघड होतं. जव राजस्थान-हरियाणाचं, खास माल्ट जर्मनीचा, हॉप्स जर्मनीचे किंवा थेट त्या विलामेट खोऱ्यासारख्या मुलखातले. राहतं पाणी. आणि पाणी स्थानिक आहे म्हणून अभिमान बाळगायचा तर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावं लागेल. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची बिअर मराठवाड्याच्या पाण्यावर तिथे तयार होते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं तेव्हा, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता.

ताडीत सगळंच स्थानिक. झाड, रस, यीस्ट, मडकं, चढणारा. पिणाराही तिथलाच, कारण लांबून येईपर्यंत ती उरत नाही. स्थानिकतेची परीक्षा घ्यायची तर ताडीला शंभर गुण द्यावे लागतील. आणि तिला मात्र 'ताडी-माडी विक्री केंद्र' अशी पाटी लावलेल्या, रस्त्याकडे पाठ केलेल्या खोलीत बसावं लागतं. तिथल्या ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या खोट्या नाहीत. झाडं कमी, मागणी जास्त, मग रसायन. अशा केंद्राबाहेर कुणी ओळखीचा दिसला तर तो आपल्याला ओळखत नाही आणि आपणही त्याला ओळखायचं नसतं.

ही लाज आली कुठून? ती झाडावर उगवली नव्हती. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नात खिमाड हे मसाल्याचं गरम पेय फिरायचं, फुगे नावाचे तळलेले गोल पाव आंबवायला ताडी लागायची, आणि त्यांचा बाटली मसाला वर्षभर टिकावा म्हणून बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरला जायचा. रिकाम्या बाटलीलाही घरात मान होता. गोव्यातल्या सान्नांना आणि पोई या पावालाही ताडीचंच आंबवण. तारपा हे वाद्य बनवायला वारल्यांना दुधी भोपळा लागतो तसं ताडाचं पानही लागतं. म्हणजे ताड जेवणात होता, नाचात होता, सणात होता. त्याला व्यसनाच्या रकान्यात ढकलण्याचं काम महसूल खात्याने सुरू केलं. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्याने झाडागणिक कर बसवला आणि घरची दारू गुन्हा ठरवली, म्हणजे लोकांनी मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. त्याने मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं घातली. फुलं वेचून खाणारे आदिवासी एका कलमासरशी संशयित झाले. पिढीजात ताडी काढणारे भंडारी परवान्याच्या रांगेत उभे राहिले. सरकारला नीतीची काळजी नव्हती, तिजोरीची होती. स्वातंत्र्यानंतर नीतीची काळजी आली, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होऊन १९५० पासून पूर्ण बंदी लागली, तेव्हा वसई-विरारच्या खाड्यांमधल्या हातभट्ट्यांना बरकत आली. महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याने स्वतःचा परवाना जवळ ठेवायचा असतो, त्याच कायद्याखाली. ग्लास हातात असलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

इथवर आलं की एक सोपं निष्कर्षाचं वळण समोर दिसतं: ताडी ही आपली क्राफ्ट बिअर, इंग्रजांनी बदनाम केली, आता तिला काचेच्या ग्लासात घालून विमानतळावर मान द्यावा. हे मलाही काही दिवस पटत होतं. ते मोडलं ते डेव्हिड हार्डिमन यांचं देवीच्या चळवळीवरचं १९८७ सालचं पुस्तक वाचताना.

१९२२ साली एक देवी अंगात येऊ लागली. सुरुवात झाली ती पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत, देवीच्या साथीतून सुटका व्हावी म्हणून केलेल्या विधीतून. तिथून ती डोंगरांत शिरली, उत्तरेला दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी गावांत पोचली, आणि हजारोंच्या मेळाव्यांत अंगात आलेल्यांच्या तोंडून हुकूम देऊ लागली. दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज आंघोळ करा. दारूच्या दुकानदारांकडे, सावकारांकडे कामाला जाऊ नका. गांधींचं नाव त्यात नंतर मिसळलं. मूळ हुकूम देवीचा होता आणि देवी बोलत होती गरिबांच्या तोंडून. हार्डिमन दाखवतात की हा वरून आलेला सुधारणेचा उपदेश नव्हता. कर, मक्ता आणि उधारी यांनी पेय शत्रूच्या हातात गेलं होतं, आणि ते सोडणं हा त्या शत्रूचा हात झटकण्याचा मार्ग होता.

यूजीनच्या देवीने गाळायला सांगितलं आणि आमच्या किनाऱ्यावरच्या देवीने ओतून द्यायला. दोन्ही स्थानिकच. त्यामुळे ताडीच्या वतीने बोलणाऱ्याने हेही लक्षात घ्यायला हवं की इथल्या माणसांचा तिला नकारही इथलाच आहे, आणि तो नकार बहुतेक वेळा बायकांचा आहे. पगाराच्या दिवशी केंद्राबाहेर नवऱ्याची वाट अडवून उभी राहिलेली बाई क्राफ्ट या शब्दाने खूश होणार नाही. पेयाला प्रतिष्ठा मिळाली की ते श्रीमंताच्या टेबलावर चढतं. झाडावर चढणारा तिथेच राहतो. कलेच्या बाबतीतही हेच दिसतं. मुंबईच्या टी-२ टर्मिनलमध्ये २०१४ पासून देशभरातल्या कलावस्तूंचं प्रचंड मोठं प्रदर्शन आहे. हॉटेलं, कचेऱ्या, टर्मिनलं कुठेही जा, भिंतीवर वारली चित्र हमखास सापडतं. वारली चित्र देशाच्या दिवाणखान्यात पोचवणाऱ्या चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत नीट पाहिलंत तर तारप्याच्या फेऱ्यापासून जरा दूर एक उंच झाड असतं आणि त्याच्या खोडाला बिलगून वर चढणारा एक काडीचा माणूस, मडकं काढायला निघालेला. भिंतीवर तो चालतो. भिंतीखालच्या दुकानात त्याने आणलेली वस्तू चालत नाही, आणि त्याला स्वतःला तिकीट परवडत नाही.

गोव्याने यातून एक वाट काढली आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या वाफेला मिळतो तो उर्राक, हलका, मार्च ते मे एवढाच, आणि तो फार टिकत नाही. दुसऱ्यांदा गाळली की फेणी. ती वर्षानुवर्षं टिकते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं, आणि ती पर्यटकाच्या बॅगेत बसून विमानाने जाते. उर्राक प्यायचा तर उन्हाळ्यात गोव्यातच जावं लागतं. एकाच बोंडातून निघालेल्या या दोघांपैकी एकाने जगात फिरावं आणि दुसऱ्याने घर सोडू नये, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडेही पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला मानांकन आहेच. चिकू तसं नाजूक फळ, पिकल्यावर दोन दिवसांत मऊ पडतं. वाइन होऊन तो महिनोन् महिने टिकतो. आगाशीची सुकेळी तर त्याच युक्तीचं आणखी जुनं रूप. केळं सोलून उन्हात वाळवलं, पानात गुंडाळलं, झालं प्रवासाला तयार. फिरायला लायक असलेल्या वस्तू आपल्याकडे आहेत. ताडीने घरी राहिलं तरी जिल्ह्याची पत जात नाही.

हे सगळं आता निव्वळ चिंतन राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, सुमारे शहात्तर हजार कोटींचं काम. त्याच्याजवळ समुद्रात भराव घालून मुंबईचा तिसरा विमानतळ करण्याची घोषणाही झाली आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो विरोध मला समजतो. ज्या वस्त्यांत देवी अंगात आली त्याच किनारपट्टीचा हा प्रश्न आहे. पण विमानतळ झालाच, तर त्याच्या गाळ्यांच्या निविदेत काय लिहायचं हे आत्ताच ठरवायला हवं, कारण एकदा सगळे गाळे एका ठेकेदाराला दिले की पुन्हा तोच समोसा. ओरेगनमध्ये पोर्टलंडच्या मोठ्या विमानतळावर वर्षानुवर्षं एक साधा नियम पाळला गेला: शहरात जो भाव, तोच विमानतळावर. त्या नियमामुळे तिथल्या छोट्या ब्रुअऱ्या आणि खाणावळी आत टिकल्या. आपल्याकडे उलटं होतं. भाडं इतकं की ते फक्त मोठ्या साखळीला झेपतं, आणि मग ते भाडं चहातून वसूल होतं.

माझी यादी लांब नाही. काही गाळे जिल्ह्यातल्या बचतगटांसाठी राखीव, भाडं विक्रीच्या टक्क्यांत, भाव बाहेरच्याइतका. सुकेळी, चिकूची वाइन, उन्हाळ्यात बर्फावर ठेवलेले सोललेले ताडगोळे. पहाटेच्या विमानांसाठी नीरा, चुना फासलेल्या मडक्यातली, आणि ती संपली की संपली. मांगेला बायकांचा तळलेल्या बोंबलांचा एक गाळा तर हवाच. वासाची तक्रार येईल, हे धरून चालावं. यूजीनच्या त्या बारमध्ये तळलेल्या कॉडचा वास थेट विमानाच्या दारापर्यंत येत होता. रांगेतल्या कुणी नाक मुरडलं नाही, एकाने तर कुठे मिळतो म्हणून विचारलं.